‘त्यांनी आपला वाटा उचलला’ : पाच भावांचं एक पोस्टर आणि त्यामागचं युद्धतंत्र

१९४३ साली अमेरिकेत एक सरकारी पोस्टर छापलं गेलं. त्यावर नौदलाच्या गडद गणवेशातल्या पाच तरुणांचा फोटो आहे. पाचही जण एकमेकांना खेटून उभे आहेत, चेहऱ्यावर हसू आहे आणि नाकडोळ्यांतलं साम्य पाहताच कळतं की ही एकाच घरातली मुलं आहेत. मजकूर अगदी थोडा. पाच सलिव्हन भाऊ सॉलोमन बेटांजवळच्या लढाईत ‘बेपत्ता’, एवढीच माहिती. आणि खाली मोठ्या अक्षरांत एक वाक्य : त्यांनी आपला वाटा उचलला.

प्रचार म्हटलं की आपल्याला आधी थापा आठवतात. शत्रूला राक्षस ठरवणारी चित्रं, फुगवलेले विजयाचे आकडे, भडक घोषणा. या पोस्टरवर त्यातलं काहीच नाही. शत्रू नाही, तोफ नाही, झेंडा फडकवणारा सैनिक नाही. त्यावरचा शब्दन् शब्द खरा आहे. तरीही ते दुसऱ्या महायुद्धातल्या अतिशय परिणामकारक प्रचारांपैकी एक आहे, असं माझं मत आहे. खऱ्या दुःखातून प्रचार कसा उभा राहतो, हे समजून घ्यायचं असेल तर आधी त्या पाच मुलांची गोष्ट नीट माहीत हवी.

वॉटर्लूची पाच मुलं

आयोवा राज्यातलं वॉटर्लू हे कारखान्यांचं गाव. वडील टॉम सलिव्हन इलिनॉय सेंट्रल रेल्वेत मालगाडीवर नोकरीला, आई अलेटा घर सांभाळणारी. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक लोकांच्या वंशातलं हे कुटुंब. मुलं पाच : जॉर्ज, फ्रान्सिस, जोसेफ, मॅडिसन आणि सगळ्यांत धाकटा अल्बर्ट. एक बहीण, जेनेव्हीव. मंदीच्या काळात वाढलेली ही मुलं फारशी शिकली नाहीत. गावातल्या रॅथ कंपनीच्या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला लागली. जॉर्ज आणि फ्रान्सिस त्याआधी चार वर्षं नौदलात काढून १९४१ मध्ये घरी परतले होते. अल्बर्टचं लग्न झालं होतं आणि त्याला एक तान्हा मुलगा होता.

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेवर बिल बॉल नावाचा त्यांचा ओळखीचा मुलगा मारला गेला. पाचही भावांनी भरती व्हायचं ठरवलं, पण एका अटीवर : आम्हाला एकाच जहाजावर ठेवा. आम्ही एकत्र असलो तर आम्हाला कोणी हरवू शकणार नाही, अशा अर्थाचं पत्र जॉर्जने नौदलाला लिहिलं. नौदलाने अट मान्य केली. ३ जानेवारी १९४२ ला पाचही जण भरती झाले.

सहा आठवड्यांच्या आत त्यांना ‘जुनो’ ही हलकी क्रूझर जातीची नवीकोरी युद्धनौका मिळाली. १४ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत ही नौका समारंभाने सेवेत दाखल झाली. पोस्टरवरचा तो फोटो त्याच दिवशीचा, त्याच जहाजावरचा. डावीकडून जोसेफ, फ्रान्सिस, अल्बर्ट, मॅडिसन, जॉर्ज.

ही तारीख लक्षात ठेवायला हवी, कारण तो फोटो शोकासाठी काढलेला नव्हता. एकाच जहाजावर पाच सख्खे भाऊ ही वर्तमानपत्रांसाठी गोड बातमी होती आणि नौदलाच्या प्रसिद्धी खात्याला ते बरोबर कळलं होतं. पर्ल हार्बरनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अमेरिकेला चांगल्या बातम्या फारशा मिळत नव्हत्या. प्रसिद्ध मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी याच्याबरोबरही या भावांचा फोटो काढला गेला. म्हणजे सलिव्हन भावांचा प्रचारासाठी वापर त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झाला असं नाही. ते जिवंत, हसतेखेळते असतानाच तो सुरू झाला होता. पोस्टर आलं तेव्हा चित्र तेच राहिलं, फक्त त्याचा अर्थ पालटला.

१३ नोव्हेंबर १९४२

सॉलोमन बेटं ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला आहेत. त्यातल्या ग्वाडलकनाल बेटावरच्या धावपट्टीसाठी अमेरिका आणि जपान महिनोन्‌महिने झुंजत होते. १२ नोव्हेंबरच्या रात्री उशिरा जपानी ताफा ती धावपट्टी तोफांनी भाजून काढायला निघाला. त्यात दोन अजस्र युद्धनौका होत्या. अडवायला अमेरिकेकडे तेरा जहाजं होती, सगळी त्यांहून लहान : क्रूझर आणि डिस्ट्रॉयर. मध्यरात्रीनंतर काळ्याकुट्ट अंधारात दोन्ही ताफे एकमेकांत घुसले आणि अगदी जवळून गोळाफेक झाली. अमेरिकेचे दोन रिअर ॲडमिरल त्या रात्री मारले गेले. ‘जुनो’ला डाव्या बाजूला पाणतीर लागला आणि तिचा कणा मोडला, पण ती तरंगत राहिली.

सकाळी उरलेली जहाजं दक्षिणेकडे एस्पिरितू सांतो या तळाकडे हळूहळू निघाली. अकराच्या सुमारास जपानी पाणबुडी आय-२६ ने दुसऱ्याच एका जखमी क्रूझरवर नेम धरून पाणतीर सोडले. त्यातला एक चुकून ‘जुनो’वर आदळला. दारूगोळ्याच्या कोठाराजवळ तो बसला असावा, कारण स्फोट इतका प्रचंड होता की जवळपास सातशे माणसांचं ते जहाज मिनिटभरही टिकलं नाही. शेजारच्या जहाजांवरच्या लोकांना धुराचा लोळ दिसला आणि तो विरला तेव्हा तिथे जहाज नव्हतं.

ताफ्याचं नेतृत्व आता ‘हेलेना’चे कप्तान गिल्बर्ट हूवर यांच्याकडे आलं होतं. त्यांच्यापुढे पेच होता. पाणबुडी जवळच कुठेतरी आहे, आपली जहाजं आधीच जायबंदी आहेत, थांबलो तर आणखी एखादं जहाज जाईल. आणि त्या स्फोटातून कोणी वाचलं असेल असं कोणालाच वाटत नव्हतं. हूवर थांबले नाहीत. वरून जाणाऱ्या एका बॉम्बफेकी विमानाला त्यांनी दिव्याच्या खुणांनी निरोप दिला की जहाज बुडालं आहे, वरिष्ठांना कळवा. निरोप पोचला, पण त्यावर वेळेवर हालचाल झाली नाही.

पाण्यात शंभरावर माणसं जिवंत होती. तेलाने माखलेली, भाजलेली, अनेकांचे हातपाय तुटलेले. ऊन, तहान आणि शार्क मासे यांच्यात ती दिवसामागून दिवस तरंगत राहिली. आठवडाभरानंतर मदत पोचली तेव्हा त्यातली दहा उरली होती. रात्रीच्या लढाईनंतर शेजारच्या जहाजावरच्या जखमींच्या मदतीला गेलेली चार माणसं तेवढी आधीच सुरक्षित होती. ‘जुनो’वरचे ६८७ जण गेले.

बचावलेल्यांच्या आठवणींनुसार फ्रान्सिस, जोसेफ आणि मॅडिसन स्फोटातच गेले. अल्बर्ट दुसऱ्या दिवशी बुडाला. थोरला जॉर्ज तराफ्यावर चारपाच दिवस जिवंत होता आणि भावांना नावांनी हाका मारत होता. एका रात्री तो तराफ्यावरून पाण्यात उतरला आणि परत आला नाही. तेव्हा जॉर्ज सत्तावीस वर्षांचा होता आणि अल्बर्ट वीस.

अलेटाचं पत्र

शत्रूला आपलं नुकसान कळू नये म्हणून नौदल जहाज बुडाल्याची बातमी महिनोन्‌महिने दाबून ठेवत असे. मुलांची पत्रं थांबली होती, तरी वॉटर्लूला अधिकृतपणे काही कळवलं गेलं नाही. पण खलाशांची पत्रं सगळीकडे जात होती आणि कुजबुज गावात पोचलीच.

जानेवारी १९४३ मध्ये अलेटाने नौदलाला हाताने एक पत्र लिहिलं. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेलं आहे. ती लिहिते की माझी पाचही मुलं नोव्हेंबरमध्ये मारली गेली अशी अफवा आहे. गावातली एक आई येऊन सांगून गेली, तिच्या मुलाने पत्रातून तसं कळवलं होतं. आता ते गावभर झालं आहे आणि मी फार काळजीत आहे. मग ती विषय बदलल्यासारखं करते. ‘तावासा’ या नव्या जहाजाचं जलावतरण फेब्रुवारीत पोर्टलंडला माझ्या हस्ते व्हायचं आहे, माझ्या मुलांना काही झालं असलं तरी मी ते करीन, कारण ती त्यांचीच इच्छा होती. तुम्हाला त्रास द्यायचं जिवावर आलं होतं, असंही ती म्हणते. पाच मुलं एकदम नौदलाला देणं अवघड होतं, पण मला त्यांचा अभिमान आहे.

या पत्रात त्या पोस्टरची सगळी सामग्री आधीच आहे. आईची भीती आहे, अभिमान आहे आणि काहीही झालं तरी ठरलेलं काम पार पाडण्याची जिद्द आहे. सरकारने हे भाव तिच्या तोंडी घातलेले नाहीत, ते तिचेच आहेत. ‘तावासा’चा मान तिला पाच नौसैनिकांची आई म्हणून मुलं जिवंत समजली जात असतानाच दिला गेला होता. प्रसिद्धीच्या यंत्रणेत ती आधीच ओढली गेली होती आणि तिने ते मनापासून स्वीकारलं होतं. या कुटुंबाला निव्वळ वापरलं गेलं असं म्हणणाऱ्यांनी हे पत्र जरूर वाचावं, आणि सगळं कसं उत्स्फूर्त होतं असं म्हणणाऱ्यांनी त्यावरची तारीख पाहावी.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी नौदलाचे अधिकारी ॲडम्स स्ट्रीटवरच्या घरी आले. टॉम कामावर जायच्या तयारीत होते. तुमच्या मुलांबद्दल बातमी आहे, असं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “कुठल्या?” उत्तर आलं, “पाचही.” त्याही दिवशी टॉम मालगाडीवर कामाला गेले असं सांगितलं जातं. युद्धाचा माल वेळेवर पोचायला हवा होता.

१३ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आईवडिलांना सांत्वनाचं पत्र लिहिलं आणि काही दिवसांत सलिव्हन हे नाव देशभर पोचलं. पोप बाराव्या पायस यांनी चांदीचं पदक आणि जपमाळ पाठवली. बांधून होत असलेल्या एका डिस्ट्रॉयरचं आधीचं नाव बदलून तिला भावांचं नाव द्यायचं ठरलं. नाव एकट्या भावाचं वाटू नये, पाचांचं वाटावं म्हणून ते ‘द सलिव्हन्स’ असं ठेवलं गेलं. एकाहून अधिक व्यक्तींच्या नावाची ही अमेरिकी नौदलाची पहिली नौका. एप्रिल १९४३ मध्ये तिचंही जलावतरण अलेटाच्याच हस्ते झालं.

पोस्टर काम कसं करतं

युद्धकाळात अमेरिकेत प्रचाराचं काम युद्ध माहिती कार्यालयाकडे होतं. जून १९४२ मध्ये ते स्थापन झालं आणि पत्रकार एल्मर डेव्हिस त्याचे प्रमुख होते. या कार्यालयाच्या मागे पहिल्या महायुद्धाची सावली होती. १९१७ नंतरच्या सरकारी प्रचारात जर्मनांच्या क्रौर्याच्या कहाण्या इतक्या फुगवून सांगितल्या गेल्या होत्या की पुढे लोकांचा सगळ्याच सरकारी बोलण्यावरचा विश्वास उडाला. त्यामुळे या वेळी निदान तत्त्व म्हणून धोरण ठरलं ते सत्याचं : खोटं बोलायचं नाही, खऱ्यातून निवडून सांगायचं.

निवड हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. खरं सांगताना आपण काय घेतो, काय सोडतो, गोष्ट कुठे सुरू करतो आणि कुठे थांबवतो, यावर ऐकणाऱ्याच्या मनात काय उभं राहील ते ठरतं. प्रचाराचं कसब तिथेच आहे.

पहिली निवड माणसांची. ‘जुनो’वरचे ६८७ जण गेले. सहाशे सत्त्याऐंशी हा आकडा वाचून माणूस हळहळतो आणि पान उलटतो. पाच भाऊ म्हटलं की एक जेवणाचं टेबल दिसतं, पाच रिकाम्या खुर्च्या दिसतात, एक आई दिसते. मोठी संख्या मनाला पकडता येत नाही, एक घर पकडता येतं. त्या काळी अमेरिकेत ज्या घरातलं माणूस सैन्यात असे त्या घराच्या खिडकीत प्रत्येक माणसामागे एक निळा तारा असलेलं निशाण लावत आणि माणूस गेला की निळ्याच्या जागी सोनेरी तारा येई. त्यामुळे पोस्टर पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला असं निशाण लावलेली खिडकी माहीत होती. पुष्कळांची ती स्वतःचीच होती.

दुसरी निवड चित्राची. त्या काळातली कित्येक पोस्टरं चित्रकारांनी रंगवलेली असत. इथे फोटो वापरला. रंगवलेला वीर कल्पनेतला वाटतो, फोटोतला मुलगा शेजारच्या गल्लीतला वाटतो. शिवाय फोटोत प्रेत नाही, रक्त नाही. पर्ल हार्बरनंतर जवळपास दोन वर्षं अमेरिकी सेन्सॉरने आपल्या मृत सैनिकांचा एकही फोटो छापू दिला नव्हता. असा पहिला फोटो ‘लाइफ’ साप्ताहिकात आला तो सप्टेंबर १९४३ मध्ये. मृत्यू दाखवायचा नाही पण मृत्यूची किंमत पोचवायची, या पेचावर हसऱ्या चेहऱ्यांचा जुना फोटो हा उपाय होता. आपल्याला माहीत असतं की ही मुलं आता नाहीत, त्यांना ते माहीत नाही आणि ती हसताहेत. हे जाणणं इतकं टोचतं की वेगळं दुःख रंगवायची गरजच पडत नाही.

तिसरी निवड त्या एका वाक्याची आणि खरी कारागिरी इथे आहे. ‘त्यांनी आपला वाटा उचलला’ हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतं : आणि तुम्ही? पोस्टर कोणाला दटावत नाही, काही मागत नाही. प्रश्न वाचणारा स्वतःच स्वतःला विचारतो, म्हणून त्याला नाही म्हणता येत नाही.

तो प्रश्न तेव्हा कोणाला विचारायचा होता? १९४३ पर्यंत कारखान्यांत रात्रंदिवस काम चालू होतं, माणसं थकली होती, गैरहजेरी वाढली होती. कोळसा खाणींतल्या कामगारांनी त्या वर्षी मोठे संप केले. महागाई आणि वेतनावरच्या बंधनांमुळे त्यांच्याही तक्रारी खऱ्या होत्या. सरकारला उत्पादन थांबू द्यायचं नव्हतं, युद्धरोखे, म्हणजे युद्धखर्चासाठी जनतेकडून पैसे उभारणारे कर्जरोखे, खपवायचे होते, भरती चालू ठेवायची होती. पाच मुलं दिलेल्या रेल्वे कामगाराचं उदाहरण समोर असताना जादा पाळीबद्दल कुरकुर करणं अवघड होतं. टॉम सलिव्हन स्वतः कामगार होते, हे इथे फार उपयोगी पडलं. एखाद्या सेनापतीच्या घरची ही गोष्ट असती तर तिचा कारखान्याच्या फाटकावर इतका परिणाम झाला नसता.

पोस्टरच्या जोडीला जिवंत माणसंही होती. टॉम, अलेटा आणि जेनेव्हीव देशभर हिंडले. जानेवारी १९४४ पर्यंत त्यांनी ६५ शहरांत दहा लाखांहून अधिक कामगारांपुढे भाषणं केली होती, रेडिओवर ऐकणारे वेगळे. कारखान्यात, गोदीत, उघड्या मंचावर उभं राहून ते काम जोरात चालू ठेवायची विनंती करत. जेनेव्हीव स्वतः नौदलाच्या महिला शाखेत दाखल झाली आणि भरतीच्या कामाला लागली. मुलं गेल्याला वर्ष झालेलं नाही आणि आईबाप गावोगाव तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताहेत, हे वाचताना माझ्या पोटात तुटतं. त्यांना त्यातून आधार मिळत असेल, मुलं फुकट गेली नाहीत असं वाटत असेल. पण शोक करायला माणसाला जी एकांताची जागा लागते ती त्यांना कितपत मिळाली, हा प्रश्न मनातून जात नाही.

याच वर्षीचं दुसरं एक पोस्टर शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात डोरी मिलर या कृष्णवर्णीय खलाशाने जखमींना हलवलं आणि चालवायचं प्रशिक्षण नसताना विमानविरोधी मशिनगन चालवली. त्याच्या पोस्टरवर चित्रकाराने रंगवलेला त्याचा रुबाबदार चेहरा आहे, छातीवर नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक आहे आणि त्याने कर्तव्याच्या पलीकडे जाऊन काम केल्याचा गौरव आहे. तिथे गौरव पराक्रमाचा आहे. सलिव्हन भावांनी त्या रात्री नेमकं काय केलं याचा पोस्टरवर एक शब्दही नाही. त्यांचं मरणंच त्यांचा वाटा म्हणून मांडलं गेलं. पराक्रम सगळ्यांना जमत नाही, पण गमावण्याची पाळी कुठल्याही घरावर येऊ शकते. म्हणून हे पोस्टर वीरांपेक्षा सामान्य घरांशी जास्त बोलतं.

आता ‘बेपत्ता’ या शब्दाविषयी. तो अवतरणचिन्हांत का? कारण मृतदेह हाती लागले नसल्याने सरकारी नोंदीत भाऊ तेव्हा बेपत्ताच होते. अशा वेळी साधारण वर्ष उलटल्यावर मृत्यू गृहीत धरला जाई. अवतरणचिन्हं हलक्या हाताने सांगतात की नोंद काहीही असो, काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आईबापांच्या दृष्टीने मात्र त्या शब्दात एक फट उरते आणि त्या फटीत आशा बसून राहते.

पोस्टर जिथे थांबतं

पोस्टरची गोष्ट जहाज बुडण्यापाशी संपते. पुढचे आठ दिवस त्यात नाहीत. शंभरावर माणसं पाण्यात सोडली गेली, बुडाल्याचा निरोप पोचूनही शोध लवकर सुरू झाला नाही, हे १९४३ मध्ये लोकांना सांगितलं गेलं असतं तर ‘तुमचा वाटा उचला’ म्हणणाऱ्या सरकारलाच लोकांनी उलट विचारलं असतं की तुमच्या वाट्याचं काय. हूवर यांच्याकडून जहाज काढून घेण्यात आलं. दक्षिण पॅसिफिकमधल्या अमेरिकी दलांचे प्रमुख ॲडमिरल हॉल्सी यांनी तो निर्णय घेतला आणि युद्धानंतर आपला निर्णय चुकल्याचं मान्य केलं. मलाही हूवर यांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर उरलेली शेकडो माणसं वाचवणं हेही त्यांचं कर्तव्यच होतं. चूक झाली ती निरोप पोचल्यानंतर. आणि ती कोणा एकाची नव्हती म्हणूनच तिच्याविषयी बोलणं सगळ्यांनाच नकोसं होतं.

आणखी एक गोष्ट पोस्टरवर नव्हती. ‘ॲरिझोना’वर भावाभावांच्या तीसहून अधिक जोड्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक घरांनी किमान एक मुलगा गमावला. त्यानंतर जुलै १९४२ मध्ये, म्हणजे ‘जुनो’ बुडण्याच्या चार महिने आधी, नौदलाने सूचना काढली होती की भावांना एकाच जहाजावर ठेवण्याच्या विनंत्या कप्तानांनी पुढे पाठवू नयेत. एक जहाज गेलं तर एकाच घरातले दोन-तीन जण जातील, असं त्या सूचनेत कारणही दिलं होतं. पण आधीपासून एकत्र असलेल्यांना वेगळं काढलं गेलं नाही. ‘जुनो’वर रॉजर्स आडनावाचेही चार भाऊ होते. त्यातले दोघे लढाईआधी दुसरीकडे बदलून गेले म्हणून वाचले, उरलेले दोघे सलिव्हन भावांबरोबरच गेले. त्यांचं पोस्टर निघालं नाही. बातमी फुटल्यावर नौदलाने स्पष्ट केलं की एकत्र राहण्याचा हट्ट भावांचाच होता आणि जहाजावरच्या अधिकाऱ्याने वेगळं होण्याचा सल्ला त्यांना अनेकदा दिला होता. ते खरंच असेल. पण भरती करताना ती अट मान्य करणारं नौदलच होतं, आणि हसऱ्या पाचांचा फोटो मिरवणारंही.

हे सगळं कळल्यावर ते पोस्टर खोटं वाटू लागतं का? मला तसं वाटत नाही. त्या मुलांनी आपला वाटा उचलला हे अक्षरशः खरं आहे आणि कोणीही ते हिरावून घेऊ शकत नाही. पण तराफ्यावर हाका मारणारा जॉर्जही तितकाच खरा आहे, आणि तो वगळून केलेला गौरव मला अपुरा वाटतो.

पुढे काय झालं

‘द सलिव्हन्स’ सप्टेंबर १९४३ मध्ये सेवेत दाखल झाली आणि पॅसिफिकमध्ये युद्ध संपत येईपर्यंत लढली. आता ती न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात संग्रहालय म्हणून उभी आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये तळाला गळती लागून ती जागेवरच अर्धी बुडाली होती, पण पाणी उपसून तिला पुन्हा तरंगवलं गेलं. त्याच नावाची दुसरी डिस्ट्रॉयर १९९७ पासून अमेरिकी नौदलात आहे आणि अल्बर्टच्या नातीने तिचं जलावतरण केलं. खुद्द ‘जुनो’चा सांगाडा १७ मार्च २०१८ ला, म्हणजे आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिकच्या सणादिवशी, समुद्राच्या तळाशी सुमारे ४,२०० मीटर खोलीवर सापडला. ‘मायक्रोसॉफ्ट’चे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या शोधमोहिमेने तो शोधला.

या भावांविषयी एक समज फार पसरलेला आहे. त्यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेने ‘सलिव्हन कायदा’ करून भावांना एका जहाजावर ठेवायला बंदी घातली, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. असा कायदा झालेला नाही. १९४८ मध्ये झालं ते वेगळं होतं. सक्तीच्या सैन्यभरतीच्या कायद्यात तरतूद आली की ज्या घराने युद्धात माणसं गमावली आहेत त्या घरातल्या उरलेल्या एकुलत्या मुलाला सक्तीने भरती करता येणार नाही. पुढे १९७१ मध्ये ही सवलत वाढवण्यात आली. भाऊबहीण एकाच जहाजावर असू नयेत असा नौदलाचा आग्रह असतो, पण ते स्वखुशीने एकत्र राहणार असतील तर कायदा त्यांना आजही अडवत नाही.